धुळवडीची धाव

"पाव्हणं, दमानं पळा की. आमची पोरं मागं पडायलेत," व्यंकट मोटरसायकलवरून म्हणाला.

अमरेशनं वेग कमी केला नाही. सासुरवाडीला आल्यापासून तो पहाटे पळायला निघाला, की मेहुणा व्यंकट गाडीवर मागं आणि पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली पोरं दोन्ही अंगांना. वरवर बघितलं तर मोठी मजा होती. थंडी सरली होती, लवकर उजाडत होतं, करडई काढणीला आली होती. बांधावरून बाया हाक मारत, "चहा घेऊन जावा." नांदेडला गोदावरीच्या काठानं पळताना त्याला अशी सोबत कधी मिळाली नव्हती.

पण कालव्याचा पूल आला, की पोरं आडवी होत.

"ह्याच्या पुढं न्हाई जायचं. अण्णांनी सांगितलंय."

अण्णा म्हणजे सासरे, देविदासअण्णा. दोन वर्षांपूर्वी अमरेश आणि राजकन्येनं कोर्टात लग्न लावलं. जात आडवी आली होती. ती आडवीच राहिली, हे दोघं वळसा घालून गेले एवढंच. तेव्हा अण्णा म्हणाले होते, पोरगी आम्हाला मेली. व्यंकट फोनवर म्हणाला होता, गावात दिसलास तर तंगड्या तोडीन. माणसं विसरतात म्हणे. विसरतो तो शिवी देणारा, खाणारा नाही.

यंदा अचानक निरोप आला, होळीला दोघंही या. राजकन्या हरखली. अमरेशचं मन घेईना, पण तिच्या तोंडाकडं बघून तो आला.

पाहुणचार नको तेवढा होता. पोळीवरचं तूप थांबत नव्हतं. मात्र अण्णा त्याला नावानं हाक मारत नव्हते, नात्यानं तर नाहीच. पाव्हणं, एवढंच. त्याच्या गाडीच्या दोन्ही चाकांतली हवा गेली होती आणि एवढ्या मोठ्या गावात पंप म्हणून कुणाकडं नव्हता. झोपायची वेळ झाली, की व्यंकट आपली बाज नेमकी दारात आडवी टाकी.

होळी पेटली त्या संध्याकाळी अमरेश गोठ्यामागं हात धुवायला गेला. कुडापलीकडं अण्णांचा आवाज आला.

"उद्या उरकून टाकू. सगळ्या गावासमोर झालं पाहिजे. मागनं कुणी बोट दाखवायला नको."

"पळायला लई चपळ हाय त्यो," व्यंकट म्हणाला.

"म्हणून तर रोज संगं धाडायलो तुला. दोरखंड नवा घे. अन् राजीला बजावून ठेव, तोंड उघडायचं न्हाई."

"तिला ठावं हाय. न्हाई बोलायची ती."

अमरेशनं तांब्या तिथंच ठेवला.

त्यानं राजकन्येला गाठलं. "उद्या सकाळी काय आहे?"

"धुळवड," ती म्हणाली आणि ओढणीत तोंड खुपसून आत पळाली. तिचे खांदे हलत होते. रडत असावी.

तिला इथं सोडून जायचं? मनाला पटेना. पण लेकीला बाप काय करणार. जे व्हायचं ते आपलं होईल. भीतीचा हिशेब असा नेहमी स्वतःच्या बाजूनं जुळतो.

उजाडलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. व्यंकटच्या खांद्यावर नवा दोरखंड होता.

"चला पाव्हणं. आज पळायचं न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी दंड धरला. अमरेशनं हिसडा दिला, अनवाणीच परड्याची भिंत ओलांडली आणि सुटला.

"धरा, धरा त्याला."

अर्धा गाव मागं लागला. ज्वारीची धसकटं तळव्यांत घुसत होती. पुलावर पोरं उभी होती. तो कोरड्या कालव्यात उतरला आणि पलीकडं वर चढला. भरतीची पोरं एकेक करून गळाली. शेवटी एकटा व्यंकट उरला. तोही कमरेवर हात ठेवून वाकला.

"थांबा पाव्हणं, अण्णांच्या इज्जतीचा सवाल हाय," तो ओरडला.

अमरेशनं मागं बघितलं नाही. रस्त्यावर दुधाचा टेम्पो दिसला, त्याला हात केला. चाकूरच्या स्टँडवर उतरला तेव्हा तळपाय रक्तानं माखले होते, आणि जीव वाचला होता.

खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. राजकन्या, डोळे सुजलेले.

"कुठं आहात?"

"सुखरूप आहे. तू घाबरू नको. मी पोलिसांना घेऊन येतो."

"कशाला पोलीस?" ती त्याच्याकडं बघत राहिली. "अहो, आमच्या गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. मान असतो तो. आधी सांगितलं तर जावई पळतात, म्हणून लेकीनं बोलायचं नसतं. मला तर कालपासून हसू आवरत नव्हतं. निम्मा गाव नको म्हणत होता तुम्हाला, अण्णा सगळ्यांशी भांडले."

अमरेशनं विचारलं, "मग आता?"

तिनं फोन फिरवला. हलगी वाजत होती. गुलालात गर्दी दुभंगली आणि गाढव पुढं आलं. त्यावर जावयासाठी ओवलेली फाटक्या चपलांची माळ गळ्यात घातलेले देविदासअण्णा बसले होते, आणि दारादारांतून विचारणाऱ्यांना हात जोडून सांगत होते, "माझा जावई न्हाई घावला. त्याच्या वाटचं म्या बसलोय."