कोरी पानं

अख्ख्या यादीचा निकाल चिन्हांच्या एका ओळीत लावणारी कॉम्प्युटरची नवी भाषा ग्लेन ऑफिसात शिकला, आणि पहिला प्रयोग केला तो पप्पांच्या वह्यांवर. त्याच्या पप्पांनी, म्हणजे पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या फ्रान्सिसने, वीस वर्षं, रोजचं एक पान धरून, किती किलो मासळी आली ते लिहून ठेवलं होतं. अलीकडच्या वह्यांत मात्र कोरी पानंच जास्त. वय झालं, पप्पा रोज कुठले समुद्रात जातायत, असं म्हणत ग्लेनने चार चिन्हांत ते कोरे दिवस गाळले आणि पुढच्या तीन चिन्हांत फेरीमागची सरासरी काढली. वीस वर्षांत ती तसूभरही घटली नव्हती!

पप्पांना काय विचारायचं, आकडे समोर होते. मासळी संपली म्हणून रडणाऱ्यांना हसत त्याने नोकरी सोडली, फ्लॅट विकला आणि नवी बोट बांधली.

पहिल्याच फेरीत जाळं रिकामं वर आलं. ग्लेन नव्या वहीत शून्य लिहायला गेला, तसा फ्रान्सिसने त्याचा हात धरला.



"शून्य नाय लिवायचा, बाला. अशा दिवशी पान कोरा सोडायचा. मी कायम तसाच सोडत आलोय."