तडकलेल्या मुठीचा वस्तरा

भाऊरावांनी पात्याला नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. पातं बारीक गायलं.

"हाच घ्या," कुर्ल्याचा जुन्या सामानवाला नंदकिशोर म्हणाला. "मूठ तडकलीय, म्हणून सातशेत. मूठ बदलता येते काका, पोलाद नाही."

भाऊरावांच्या खिशात तेवढेच होते. नवे वस्तरे दोन हजारांच्या पुढे. ब्लेड अडकवायचे स्वस्तातले त्यांची दाढी करणाऱ्या रत्नप्रभाबाई हातात धरत नसत. गेल्या रविवारी जुन्याची धार तुटलेली दिसली, तेव्हा त्यांनी तो मिटून परत दिला होता. चांगला आणा, नाहीतर येऊ नका, म्हणाल्या होत्या. तेव्हापासून गालावर पांढरं गवत माजलं होतं.

भाऊरावांनी हे सांगितलं तेव्हा, दाढी करणारी एवढी नखऱ्याची कोण, नंदकिशोरने डोळा मिचकावत विचारलं. चारकोपला असते, भाऊराव म्हणाले, कणकवलीला वडिलांच्या सलूनमध्ये शिकलेली. आणि काकी काही बोलत नाहीत, नंदकिशोरने विचारलं.

"घरी माझ्याशी कोणी बोलत नाही रे."

नंदकिशोरची थट्टा तिथेच विरली. त्याने वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून फुकटच धार लावून दिला.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून भाऊराव तिसऱ्या मजल्यावर रत्नप्रभाबाईंच्या दारासमोर उभे राहिले. केस सारखे केले, बेल वाजवली.

रत्नप्रभाबाईंनी वस्तरा उजेडाला धरला. मनगटावरची लव उडवून पाहिली. मग खुर्चीकडे बोट केलं. भाऊराव लगेच बसले.

फेस चढला. जात्याच्या खुंट्यावर ओवीबरोबर फिरावा तसा तो हात गालावरून फिरू लागला, न चुकता, न अडखळता. बोटांनी हनुवटी उचलली तेव्हा भाऊरावांनी डोळे मिटले. आठवड्यात एवढाच स्पर्श.

"लगीन झाला नाय तुमचा?"

"झालंय."

"मगे बायको खंय गेली?"

भाऊरावांनी हनुवटी आणखी वर केली. गळ्यावर पातं होतं.

त्यांनी वीस रुपये दिले. बाईंनी ते पदराच्या गाठीत बांधले आणि फुडल्या आयतवारी येवा म्हणून दार लावून घेतलं. वस्तरा खिशात घालून भाऊराव खाली उतरले. इमारतीखालच्या बाकावर बसले. गाल चाचपत राहिले.

मग पुन्हा तीन जिने चढले. या वेळी बेल न वाजवता त्यांनी आपल्या किल्लीने तेच दार उघडलं, आणि दोघांच्या लग्नाच्या फोटोखाली चपला काढून, त्या फोटोतला नवरा कधीच विसरून गेलेल्या रत्नप्रभाबाईंसाठी भात लावला.