ओलं कातडं

कॅनडातल्या मॅनिटोबात फरच्या वखारीभोवती वसलेलं ते गाव आता जवळजवळ रिकामं झालं होतं. वखारीतलं संग्रहालय बंद करायची पाळी फिलोमेनवर आली. पणजोबांनी सापळ्यात धरलेल्या, नदीत राहणाऱ्या बीव्हरचं कातडं भिंतीवरून उतरवायला ती गेली, तर त्यातून पाणी ठिबकत होतं.

“ताई, छप्पर गळतंय,” धाकटा भाऊ आम्ब्रोज म्हणाला.

“या थंडीत? नदीसुद्धा गोठलीय, वेड्या!”

तिने कातड्यावर तळवा ठेवला. ते उबदार होतं आणि संथपणे वरखाली होत होतं.

“बघू, काय म्हणतंय,” म्हणत आम्ब्रोजने थट्टेने कान टेकवला. त्याचं हसू मावळलं.

“ताई, आतून मला हाका मारतायत गं.”

“हो बाजूला!”

“होता येत नाहीये.”

त्याला ओढायला फिलोमेनने कातड्यावरचा तळवा उचलू पाहिला. तो उचलला गेला नाही.