पवनारपासून वर्ध्यापर्यंत

प्रेमदासचं डोकं खांद्यावर पडलं तेव्हा धुरपताला आधी लाजच वाटली. सकाळी दहाची भरलेली एसटी, आणि बावन्न वर्षांचा नवरा असा बायकोच्या अंगावर रेलतो म्हणजे काय!

"सरका ना तिकडं. लोक पाहून राह्यले," ती हळूच म्हणाली.

तो सरकला नाही. तिनं खांदा काढून घेतला, तसा तो पुढच्या सीटच्या दांडीवर आपटला आणि तिथून मधल्या वाटेत घसरला. डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. पवनारचा पूल नुकताच मागे पडला होता. पुलावर असताना त्यानं खिडकीतून धाम नदी पाहिली होती. "औंदा पाणी बरं हाये," असं म्हणालाही होता.

धुरपता किंचाळली आणि सगळी बस उठून उभी राहिली.

"मिरगी हाये, चप्पल हुंगवा!" कोणीतरी आपली चप्पल काढून प्रेमदासच्या नाकाशी धरली. कोणी बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं, ते तसंच गालावरून ओघळलं. तळपाय चोळा, असं कोणी म्हणालं म्हणून धुरपता तळपाय चोळू लागली. तेवढ्यात प्रेमदासच्या घशातून घर्र आवाज आला. तोंड उघडलं, मिटलं.

"श्वास चालू हाये! घाबरू नका बाई!"

"तो श्वास नाई."

लोकांच्या कोपरांखालून वाट काढत एक मुलगी पुढं आली. पाठीवर कॉलेजची बॅग. तिनं प्रेमदासचे खांदे हलवले, हाक मारली, नाकाशी कान नेला. मग बॅग फेकून ती त्याच्या छातीशी गुडघ्यांवर बसली.

"कंडक्टर भाऊ, एकशे आठला फोन करा. अँब्युलन्स लांब असंल तर गाडी सरळ दवाखान्यात घ्या. मधात थांबू नका."

तिनं एका हातावर दुसरा हात ठेवला आणि सगळा भार टाकून छाती दाबली. पुन्हा दाबली. पुन्हा. आपल्या माणसाची छाती एवढी आत जाते हे धुरपता पाहत राहिली. पाचव्या-सहाव्या दाबाला आतून आवाज आला. वाळलेली तुराटीची काडी मोडावी तसा.

धुरपतानं मुलीची वेणी धरून मागं ओढली. "मारून राह्यली का व त्यायले!"

मुलीची मान मागं ताणली गेली, पण हात थांबले नाहीत. दाबता दाबताच ती बोलली, "मावशी, काका गेलेच हायेत. त्यायले परत आणून राह्यली मी. सोडा मले."

धुरपताची मूठ उघडली. गेलेच हायेत. आत्ता तर पाणी बरं हाये म्हणाले होते.

अँब्युलन्सला वेळ होता. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. एक थांबा मागं गेला, दुसरा गेला. कोणी उतरायचं म्हणालं नाही. मुलीच्या कपाळावरचा घाम प्रेमदासच्या शर्टावर टपटपत होता.

"कोणीतरी या," ती धापा टाकत म्हणाली. "माझा जोर कमी होऊन राह्यला. बदली पाह्यजे. सांगते मी कसं करायचं."

कोणी हललं नाही. "आपल्याले नाई येत, ताई," एक जण म्हणाला. "अन् काही झालं म्हणजे? पोलीस आपल्यालेच इचारतीन," दुसरा म्हणाला. चांगले धडधाकट दोन बाप्ये खिडकीबाहेर पाहू लागले. मागच्या सीटवर उभा राहून एक जण मोबाइलवर हे सगळं टिपत होता.

धुरपता खाली बसली. "मले सांग."

"इथं, छातीच्या मधोमध. तळव्यानं. कोपर वाकवू नका. दाबा, मंग छाती वर येऊ द्या. लवकर लवकर. मोजा."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात चार लोकांसमोर तिनं त्याचा हातही धरला नव्हता. आता तिनं दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवले आणि भीत भीत दाबले.

"जोरानं, मावशी! हाड मोडलं तं जुळते!"

मग तिनं जोर लावला. पदर खांद्यावरून खाली आला, तो तिनं सावरला नाही. एक, दोन, तीन. तीसपर्यंत मोजायची आणि पुन्हा एकपासून. तिचा दम गेला की मुलगी, मुलीचा गेला की ती. वर्धा कधी आलं, तिला कळलं नाही. दवाखान्याच्या दारात दोघा जणांनी तिचे हात धरून बाजूला केले, तेव्हाही ती मोठ्यानं मोजत होती.

स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

"नाव काय व तुह्यं, पोरी?"

"आकांक्षा."

"कुठं शिकली हे?"

"कालेजात. दोन तासांचा वर्ग झालता."

"दोन तास," धुरपता म्हणाली.

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले. "हृदय चालू झालंय. शॉक द्यावे लागले. अजून दोन-तीन दिवस काळजीचे आहेत, पण आता शुद्धीवर येतायत. रस्त्यात छाती दाबत आणलं म्हणूनच हे जमलं. कोणी दाबली?"

आकांक्षानं धुरपताकडे बोट दाखवलं. धुरपतानं आकांक्षाकडे.

डॉक्टरांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग पदर घट्ट लपेटून बसलेल्या बाईकडे. "तुम्ही दोघींनीच? एवढा वेळ? दुसरं कोणी नव्हतं का बसमध्ये?"

"होते ना, साहेब," धुरपता म्हणाली. "उभं राह्याले जागा नव्हती."