पिल्लांवरची मरळ

"सरकारने बोटुकली सोडायची बंद केली. आता गळाला शेवाळच लागणार!" जयवंत मालनच्या कानाशी पुटपुटला. हौशी गळवाल्यांच्या क्लबचा तो सेक्रेटरी. सरकारी केंद्रातून येणारी ती बोटाएवढी पिल्लं दोन वर्षं मुलुंडच्या या तलावात पडलीच नव्हती. आज चौऱ्याऐंशी सालची स्पर्धा. बाराला संपायची, साडेअकरा झालेले, आणि सोळा गळांना मिळून एक मासा नाही. पुढच्या वर्षी स्पर्धा होईल का, हे कुणी विचारत नव्हतं.

मालन गळ धरत नसे. नवऱ्यासोबत घाटकोपरहून थर्मास घेऊन येई, आणि अकरा वर्षांत दशरथला एकही बक्षीस नाही, हे चहासोबत न चुकता वाढी.

तेवढ्यात दशरथच्या पुढ्यात पाणी तांबूस झालं. मरळीची पिल्लं. शेकडो, एकाच पुंजक्यात. त्यांच्याखाली आई असतेच. पुंजक्यावर गळाला लावलेला बेडूक टाकला की ती खायला नाही, हाकलायला झेपावते. काठावर प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

"टाक रे, बघतोस काय!" जयवंत ओरडला.

दशरथने टाकला. काठी कमान झाली. चार किलोची तरी मरळ बाहेर आली. टाळ्या, शिट्ट्या. तिला छातीशी धरून तो वजनकाट्याकडे निघाला.

"अहो," मालन म्हणाली, "मागे बघा जरा."

पुंजका विस्कटला होता. दोन पाणकावळे त्यात बुड्या मारत होते.

काटा दहा पावलांवर होता. दशरथ थांबला. मग वळला, गुडघाभर पाण्यात शिरला, गळ सोडवला आणि हात उघडले.

"अरे, वजन तरी कर, येड्या!" जयवंत काठावरून ओरडला.

पाणी उसळलं. पाणकावळे उडाले. हळूहळू पुंजका पुन्हा जमला आणि काठाकाठाने लव्हाळ्याकडे सरकू लागला. वाटेत शेजाऱ्याचा गळ आला. त्याने तो वर घेतला. मग पुढच्याने. एकेक काठी आभाळाकडे उभी राहत गेली.

"अकरा वर्षांनी एक धरलीत, तीही सोडलीत," मालन म्हणाली. पण चहा तिने काठोकाठ ओतला होता.

शेवटची काठी जयवंतची. त्याने ती उचलली आणि कुणाकडेच न बघता म्हणाला,

"बोटुकली सरकारने दोन वर्षं दिली नाहीत. आया आपण वीस वर्षं मारतोय."