कुलूपबंद फ्रिज

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. शुक्रवार पेठेतल्या बसम्माची गोष्ट सांगतो.

तिच्या फ्रिजमध्ये वर बर्फाचे थर साचायचे, आणि खालचा कप्पा मात्र कोमट. नात शिवलीलाचं इन्सुलिन त्यातच असायचं. दोन कुप्या वाया गेल्या होत्या.

मेकॅनिक नंदूने पंखा, दाराचं रबर, सगळं तपासलं. "मावशी, दार उघडं राहतंय बगा."

"कसं राहील? कुलूप असतंय. किल्ली माझ्या कमरेला हाय की!"

"आत सोनं ठेवलंय व्हय?"

बसम्मा हसली नाही. नवऱ्याच्या, शिवलिंगप्पांच्या किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. "एक गार घोट दे गं," म्हणत ते हात जोडायचे, आणि ती फ्रिजला कुलूप घालायची. ते गेले, सवय राहिली.

नंदूने मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत पाण्याच्या बाटलीमागे, दाराकडे रोखून उभा केला. बसम्माने कुलूप लावलं. दोघं फ्रिजकडे तोंड करून चहा पीत बसले.

दहा मिनिटं दार जागचं हललं नाही. मग त्यांनी व्हिडिओ पाहिला. आधी अंधार, पंख्याची घरघर. मग दिवा लागला, दार सताड उघडलं. पलीकडे बशीतून चहा पिणारे ते दोघंच. दाराशी कुणी नव्हतं. बाटली हळूच उचलली गेली, आणि घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"मावशी, किल्ली कुटं हाय?"

बसम्माने कमर चाचपली. किल्ली तिथंच होती, बर्फासारखी गार.

मायबापहो, तहान लागली की पहिल्या घोटाला शिवलिंगप्पांची आठवण काढा.