जिलानीचे तळपाय

दोष आमदार साहेबांचाच. माइक हातात आला की लातूरचा सगळा धूर त्यांना जिलानीच्याच गाडीतून निघताना दिसायचा.

"ह्या डिझेलच्या डब्यांनी लेकरांच्या छात्या काळ्या केल्या!" साहेब गरजले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या जिलानीनं मान खाली घातली. चौदा वर्षं तो अहमदपूरच्या पोरींना लातूरला क्लासला आणून सोडत होता. एकीलाही कधी उशीर होऊ दिला नव्हता.

मंडपात चार्जिंगचं नवं मशीन हार घालून उभं होतं. शेजारी जिलानीसाठी ठरलेली विजेवरची पांढरी कार. बाहेर जिलानीची जुनी गाडी, आणि ती विकत घ्यायला देगलूरहून आलेला गुरुपादप्पा. किल्ली अजून जिलानीच्याच मुठीत होती. महिनाभर विचार करकरून डोकं शिणलं होतं. लाइट नसली तर? परीक्षेच्या दिवशीच गाडी वाटेत बसली तर? पोरीचं वर्ष जाणार. मग कोणता बाप आपली लेक पुन्हा त्याच्या गाडीत बसवील?

"अब्बा, चोवीस तास लाइट देतो म्हणून साहेब सोताच सांगायलेत," लेक इकरा कानाशी लागली. "आता तरी द्या की किल्ली."

"हाव, देतो." जिलानी उठला आणि तिथंच थबकला. त्यानं चपला काढल्या. तळपाय जमिनीवर टेकवले.

जमीन थरथरत होती.

तीस वर्षांपूर्वी, किल्लारीच्या भूकंपात, त्यानं मामाचं घर दोन्ही हातांनी उकरलं होतं. तेव्हापासून कुठंही जावो, त्याचे पाय आधी जमिनीचा कानोसा घेत.

"भाईर व्हा! समदे भाईर व्हा! जमीन हालायली!"

एकच पळापळ झाली. खुर्च्या उलथल्या. मग कुणीतरी वर पाहिलं. मंडपातली झुंबरं जागच्या जागी होती.

"काय जिलानीभाई," गुरुपादप्पा खदखदून हसला, "झुंबर हालंना, अन् तुमचीच जमीन कशी हालायली? आता भूकंपबी घरूनच आणायलेत का?"

हशा पिकला. "घाबरू नका, चाचांचं वय झालंय," साहेबांनीही माइकवरून हात धुऊन घेतले. इकराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिलानी हसला नाही, रागावलाही नाही. थरथर एका अंगानं येत होती. तो अनवाणीच तिच्या मागावर निघाला. मशीन मागं पडलं, स्टेज मागं पडलं. शेवटच्या पडद्याशी साहेबांचा एक माणूस आडवा आला.

"चाचा, तिकडं काय न्हाई."

जिलानीनं पडदा ओढला.

मागं जनरेटर होता. भोंग्यांच्या आवाजात बुडालेली त्याची धडधड आता साऱ्या मंडपाला ऐकू आली. त्याची जाड केबल थेट हारवाल्या मशीनमध्ये गेली होती. बाजूला डिझेलचे दोन कॅन. काळा धूर मंडपामागच्या मुलींच्या होस्टेलच्या खिडक्यांत शिरत होता.

जिलानी परत स्टेजपाशी आला. मूठ उघडून त्यानं किल्ली साहेबांसमोर धरली.

"गाडी मी आजच बदलतो, साहेब. ह्या मशीनला लाइट कोणत्या तारखेला येणार, तेवढं सांगा. बोला."